तुफानचा खुराक

आमच्या राहीला एक वाईट खोड होती. मी अंगणात आले की ती घरात जायची, आणि मी घरात गेले की ती अंगणात यायची. धाकटी जाऊ माझी. दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढा दगडांचा गडगा, आमच्या सासऱ्यांनी हातानं रचलेला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. त्या गडग्यावरून मला तिची पाठ तेवढी दिसायची. तोंड बघून किती वर्षं झाली होती ते देवाला माहीत. बरं, भांडण तिनं काढलेलं. मी फक्त ते संपवलं नव्हतं.

त्या रविवारीही तेच. दुपारी तांब्या घेऊन मी ओट्यावर आले आणि पलीकडे कडी वाजली.

“जा बाई, जा आत,” मी कोंबड्यांना सांगावं तसं मोठ्यानं म्हटलं. “बाहेर माणसं राहतात.”

  मी चूळ भरली, तेवढ्यात बाजाराच्या वाटेनं टापा ऐकू आल्या आणि मी तांब्या खाली ठेवला. रविवारी दुपारी आमचा घोडा घरी येत नसे. माथेरानला गाड्या खाली नाक्यावरच थांबतात. त्यापुढे माणसाचे पाय, नाहीतर घोडा. रविवार म्हणजे घोडेवाल्यांचा दिवस. त्या दिवशी भरदुपारी जो घोडा घरी येतो तो एकतर लंगडा असतो, नाहीतर काहीतरी करून आलेला असतो.

तुफान लंगडत नव्हता. नाचत होता. सुदाम, माझा मुलगा, लगाम अगदी तोंडाजवळ आखूड धरून त्याला आणत होता आणि दोघंही लाल धुळीनं माखले होते.

“काय झालं?”

“पाडली.”

“कोणाला?”

“नवी नवरी होती. मी वर बसवली, नवरा फोटो काढायला मागं सरकला, आणि ह्यानं मागचे पाय झाडले. बाई उडाली ती थेट करवंदीच्या जाळीत.”

“लागलं?”

“कोपर फुटलं. हातातला चुडा गेला सगळा. नवरा म्हणत होता पोलिसात जातो. उस्मानभाईंनी हातापाया पडून मिटवलं.”

घोड्याचं नाव तुफान असलं तरी चाल गाभण म्हशीची. गिऱ्हाइकांना असली नावं लागतात म्हणून ठेवलेलं. कोणी विचारलं, ‘धावतो का हो?’ तर सुदाम म्हणायचा, ‘नावच तुफान आहे, साहेब,’ आणि तेवढ्यावर गिऱ्हाईक घाबरून खोगीर दोन्ही हातांनी धरून बसायचं. म्हाताऱ्या बायका, लहान पोरं, पॉइंटवर गेल्यावर चक्कर येणारे पुरुष, सगळ्यांना त्यानं पाठीवरून नेलं होतं. अशा घोड्याला गेल्या महिन्याभरात काय झालं होतं कोण जाणे. पोटाखालून खोगिराचा तंग आवळायला गेलं की दात दाखवायचा. दुसरा घोडा जवळून गेला की किंचाळायचा. उभ्या जागी पुढच्या पायानं माती उकरायचा.

मी त्याच्याभोवती फिरले. अंग तेल लावल्यासारखं चमकत होतं, मान जाड झालेली, डोळे टवटवीत. असा घोडा बघून नवशिक्याला आनंद होतो. मला झाला नाही.

“सकाळी किती घातलास?”

“तू सांगितलंस तेवढाच. ओंजळभर.”

घोड्याला कामाप्रमाणे खायला घालतात. मे महिन्यात दिवसभर चढउतार असतो, तेव्हा भिजवलेला हरभरा, कोंडा, वर गुळाचा खडा. परीक्षांचे दिवस आले, गिऱ्हाईक आटलं, की हरभरा तोडायचा आणि घोड्याला गवतावर आणायचं. उभ्या घोड्याला हरभरा घातला तर तो जाणार कुठं? पायात जात नाही, मग डोक्यात जातो. हे माझ्या सासूनं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. दुसरं काही ती धड सांगत नसे, पण घोड्याचं सांगितलेलं कधी खोटं ठरलं नाही.

संध्याकाळी उस्मानभाई आले. घोडेवाल्यांच्या संघटनेचे तेच मोठे. अंगानं जाड, मिशीनं त्याहून जाड. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, “वहिनी, आधी चहा. मग भांडू.”

“भांडायला तुमच्यात दम राहिलाय कुठं?”

“म्हणून तर आधी चहा.”

चहा झाला. त्यांनी कप पालथा घातला आणि घोड्याकडे बघितलं. घोडा जांभळाखाली, गडग्याजवळ बांधला होता. ती त्याची जागा.

“माझ्या एकट्याच्या हातात असतं तर सोडून दिलं असतं,” ते म्हणाले. “पण ही पहिली तक्रार नाही. मंडळी म्हणतात, ह्याचा परवान्याचा नंबर काढा. एका घोड्यापायी सगळ्यांचं नाव जातं.”

“नंबर काढला की?”

“मग डोंगरावर ठेवून काय करणार? खाली विकायचा. वरातीवाले घेतात.”

“वरातीत? बँड वाजला की नवरदेवाला घेऊन दरीत जाईल तो.”

“तेच म्हणतो मी. असा घोडा कोणाला देऊ पण नये.” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “शिमगा होऊ दे. शिमग्यानंतर मी स्वतः त्याच्यावर बसतो. पॉइंटपर्यंत जायचं आणि माघारी यायचं, सगळ्यांच्या देखत. शांत चालला तर नंबर राहील. तोवर गिऱ्हाईक बसवायचं नाही.”

सुदाम दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, “आणि नाही चालला तर मी पण खाली जातो. सासऱ्यांनी खोपोलीला कंपनीत बघून ठेवलंय.”

त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, खाली नेरळच्या बाजूला. सासऱ्यांनी काय बघून ठेवलंय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या घरातली गोष्ट, आणि मला उस्मानभाईंच्या बरोबरीनं कळली.

म्हणजे घोडा गेला की मुलगा गेला. मुलगा गेला की सून आणि होणारं नातवंड वर येणार कशाला? मग ह्या ओट्यावर मी, आणि गडग्यापलीकडे एक पाठ.

दुसऱ्या दिवसापासून मी हरभरा बंदच केला. ओंजळ नाही, मूठ नाही, दाणा नाही. हरभऱ्याचा तोबरा धुऊन खुंटीला टांगला, कोठीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. नुसतं वाळलं गवत आणि पाणी. आठवड्याभरात उतरायला हवा होता. उतरला नाही, चढला. दावं तोडलं. पाण्याची बादली लाथेनं चेपवली. सुदाम खराऱ्यानं अंग घासायला गेला तर त्याचा खांदाच तोंडात धरला, शर्ट फाटला म्हणून कातडी वाचली.

मी जाऊन घोड्याचं तोंड हुंगलं. गोडसर वास आला.

सुदामचा ह्या घोड्यावर भारी जीव. लहानपणी आपल्या ताटातली भाकरी त्याला चोरून घालायचा. मी सरळ विचारलं.

“तू घालतोयस ह्याला.”

“काय?”

“हरभरा. गूळ. ये, हुंगून बघ.”

“आये, कोठीची किल्ली तुझ्या कमरेला आहे.”

“बाजारात दुकानं आहेत.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “घोडा जावा असं वाटतं का मला?”

“कोणाला ठाऊक. खोपोली दिसायला लागलीय तुला. घोडा बिघडला की वाट मोकळी.”

 त्यानं हातातला खरारा गडग्यावर ठेवला, आत गेला, आणि पिशवी भरून बाहेर आला. “मला बोलायचं ते बोललीस,” तो म्हणाला. “आता घोड्याला बोल.” आणि निघाला. वळणापर्यंत त्याच्या चपला ऐकू येत होत्या. मी हाक मारली नाही. हाक मारायची मला सवय नाही. माणसं आपणहून परत येतात.

ह्या खेपेला कोणी आलं नाही.

पहिल्या दिवशी सवयीनं दोघांचा भात टाकला आणि निम्मा फेकला. दुसऱ्या दिवशी चूल पेटवलीच नाही. एकट्या माणसासाठी चूल पेटवायची म्हणजे लाकडं फुकट. पाव होता, तो चहाबरोबर खाल्ला. दिवसभर कोणाशी बोलायचं कारण पडलं नाही. संध्याकाळी दूधवाल्याला “उद्या नको” म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच घोगरा निघाला. तो म्हणाला, “काकी, बरं नाही का?” मी म्हटलं, “तुझं दूध पिऊन कोणाला बरं वाटलंय?” तो हसत गेला. त्या दिवसातलं तेवढंच बोलणं.

लीद काढायचं काम सुदामचं. आता ते माझ्यावर आलं. सकाळी फावडं घेऊन जांभळाखाली गेले आणि पहिल्याच फावड्याला थांबले. नुसत्या गवतावरच्या घोड्याची लीद भुसभुशीत असते, वास येतो तोही गवताचाच. ही तशी नव्हती. मी काडीनं उकरून बघितली. आत हरभऱ्याची सालपटं होती, आणि मधेच न चावलेला अख्खा दाणा.

मी तिथेच बसले.

घरात मी आणि घोडा. सुदाम खाली. मी घातला नव्हता, आणि घोड्याला कोठीचं कुलूप उघडता येत नाही.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी मी डोक्यावरून पदर घेतला, पिशवी घेतली, दाराची कडी मुद्दाम आपटून लावली आणि बाजाराच्या वाटेला लागले. वळणावर गेल्यावर मागं फिरले. कारवीच्या झुडपांतून, तबेल्याच्या मागच्या अंगानं, वाकून, माझ्याच घरी मी चोरासारखी आले आणि गवताच्या गंजीमागे बसले.

आधी घोड्याला कळलं. पलीकडची कडी वाजायच्या आधीच तो नाकातून हळू आवाज करायला लागला, शिंगरू आईला बघून करतं तसा. मग राही बाहेर आली. हातात पितळी वाटी. इकडे तिकडे बघितलं आणि गडग्याशी आली.

तिचे केस पांढरे झाले होते. मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुफाननं गडग्यावरून मान टाकली आणि तिनं वाटी त्याच्या तोंडाखाली धरली. भिजलेला, फुगलेला हरभरा, वर गूळ. ह्या घोड्याचा जन्म तिच्याच तबेल्यातला. तिच्या चिमणी घोडीचं हे शिंगरू. माझ्या धाकट्या दिरानं, भागूनं, ते हौसेनं आमच्या घरी दिलं होतं. मग भागू वारला, आणि राहीनं चिमणी विकून टाकली, अलिबागच्या माणसाला, थोरल्या घराला एका शब्दानं न विचारता. भांडण ते.

“खा रे,” ती घोड्याला म्हणाली. “गूळ आज काळा मिळाला, चालवून घे. नळावर ही गर्दी, माझी कळशी पाडली त्या सोनारणीनं आणि वर मलाच डोळे दाखवते. पोरगी शिमग्याला येते म्हणाली होती, आता म्हणते जमत नाही. नाही तर नाही. पुरणपोळी मला तरी कुठं पचते.”

घोडा कुडूमकुडूम खात होता. तिनं त्याच्या कपाळावरची झुलपं बाजूला केली आणि आवाज खाली आणला.

“तुझा सुदाम गेला ना रे? त्या दिवशी ऐकलं मी. कालपासून त्या घरातून धूर नाही दिसला. थोरल्या बाई जेवल्या का रे?”

घोडा खातच राहिला.

“तू काय सांगणार म्हणा,” ती म्हणाली आणि वाटी त्याला चाटू दिली.

उठून चार शब्द सुनावायचे होते. तयार होते, कारवीतून येतानाच जुळवून ठेवले होते. पायाला मुंग्या आल्या, डास चावत होते, तरी मी गंजीमागे बसून राहिले ती आत जाईपर्यंत. मग घरात गेले, चूल पेटवली, ओली काटकी घातली म्हणजे धूर चांगला होतो, आणि पाट्यावर चटणी वाटली. वरवंटा जरा जोरात आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुफानला जांभळाखालून सोडला आणि घराच्या मागच्या बाजूला नेऊन बांधला. तिकडं गडगा नाही, नुसतं रान. दोन वेळा गवत, दोन वेळा पाणी. आणि रोज सकाळी लगाम धरून मी त्याला रानातल्या वाटेनं फिरवायला लागले. पहिले काही दिवस मी घोडा फिरवत नव्हते, घोडा मला फिरवत होता. खांदा निखळतोय की काय असं वाटायचं. झाडाच्या बुंध्याला धरून उभी राहायची आणि म्हणायची, “ओढ. ओढ तुला ओढायचं तेवढं. मी भाऊबंदकीला पुरून उरलेय.” हळूहळू ओढ कमी झाली. माती उकरायची थांबली. एके दिवशी तंग आवळला तर त्यानं फक्त सुस्कारा टाकला. पोटातली गरमी गेली तसं डोकं उतरलं.

संध्याकाळी मात्र तो गडग्याच्या दिशेला तोंड करून उभा राहायचा आणि नाकातून तो आवाज करायचा.

आणि पलीकडे ती यायची. खिडकीच्या फटीतून मला दिसायची. वाटी घेऊन गडग्याशी उभी राहायची, जीभ टाळूला लावून घोड्याला बोलावतात तसा आवाज करायची. जांभळाखाली कोणी नाही. टाचा उंचावून तबेल्याकडे बघायची. पुन्हा बोलवायची. मग वाटी तशीच भरलेली आत घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी परत. घोडा विकला की मेला, एवढं तरी तिला मला विचारता आलं असतं. गडगा कमरेएवढाच होता.

मलाही सांगता आलं असतं म्हणा.

शिमगा झाला. होळीची राख अजून गरम असेल, तेवढ्यात उस्मानभाई सगळी मंडळी घेऊन नाक्यावर आले. मी तुफानला घेऊन गेले. मला एकटीला बघून उस्मानभाई पुढं आले.

“सुदाम कुठंय?”

“बायकोकडं.”

“मग लगाम कोण धरणार?”

“मी काय मेलेय?”

मागून कोणीतरी हसलं. मी वळून बघितलं, तसं हसणं खोकल्यात गेलं. मी नऊवारीचा ओचा आवळला, तंग ओढला. तुफाननं मान वळवली आणि सगळी मंडळी मागं सरकली. त्यानं माझा हात हुंगला आणि मान परत सरळ केली.

उस्मानभाई चढले. घोड्याची पाठ खाली गेली असावी असं मला वाटलं, पण तो हलला नाही. आम्ही निघालो. झाडांच्या सावलीतून, लाल मातीतून, मी पुढं, घोडा मागं, आणि त्याच्यामागं सगळी वरात. अर्ध्या वाटेत एक माकड फांदीवरून थेट त्याच्या नाकासमोर पडलं, हातात कोणाचं तरी चिप्सचं पाकीट, आणि ते फडफडवत पळालं. मी लगाम आखूड धरला. तुफाननं एक कान वळवला. एकच. आणि चालत राहिला, गाभण म्हशीसारखा.

पॉइंटवर पोचलो. खाली दरी, वारा. उस्मानभाई वरून म्हणाले, “वहिनी, मला झोप यायला लागली.”

“पडू नका. परत तक्रार येईल.”

माघारी आल्यावर ते उतरले, घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “नंबर राहील.” मग माझ्याजवळ येऊन हळूच, “केलंत काय?”

“खाणं कमी केलं. तुम्ही पण करून बघा.”

पोटावर हात ठेवून हसले बिचारे.

खाली जाणाऱ्या एका माणसाकडून मी सुदामला निरोप धाडला. घोडा राहिला, म्हणावं. एवढंच. माघारी निरोप आला, कंपनीत लागलो, मे महिन्यात रजा मिळाली तर येतो, मुलगी झाली, बाळंतीण बरी आहे. माणूस भला, त्यानं निरोप दोनदा सांगितला. मला पहिल्या खेपेलाच ऐकू आला होता.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसले नाही. घरातही बसवेना. खिडकीच्या फटीतून बघितलं तर राही वाटी घेऊन आलेली. जीभ टाळूला लावून बोलावत होती. मागच्या बाजूनं तुफान उत्तर देत होता. ह्या बाजूनं ती, त्या बाजूनं तो, आणि मध्ये घरात मी.

मी मागे गेले, दावं सोडलं आणि घोड्याला घेऊन सरळ अंगणातून गडग्याशी आले.

मला बघितल्याबरोबर ती वळली.

“थांब.”

ती थांबली. पाठ माझ्याकडे.

“वाटीत काय आहे?”

“काही नाही, बाई.”

“काही नाही भिजून एवढं फुगतं का?”

तेव्हा ती वळली. वाटी दोन्ही हातांत धरलेली, देवाला नैवेद्य न्यावा तशी. “हरभरा आहे,” ती म्हणाली. “तुम्ही त्याचा तोबरा बंद केलात. मी बघत होते. मला वाटलं, आता ह्याला कोणी दाणाच घालत नाही. म्हणून मी जरा वाढवला.”

“आणि आधी? तोबरा होता तेव्हा?”

“तेव्हापण घालत होते. मूठभर. ह्या हिवाळ्यात कधी दोन मुठी.”

“कधीपासून?”

“चिमणी विकल्यापासून.” तुफाननं गडग्यावरून मान लांबवली होती. तिनं वाटी मागं घेतली. “हात जातो, बाई. संध्याकाळ झाली की हात आपोआप डब्यात जातो आणि हरभरा पाण्यात पडतो. घोडी नाही हे नंतर ध्यानात येतं. फुगलेला दाणा टाकवत नाही. हा मान टाकून उभा असायचा. ह्याच्याशी चार शब्द व्हायचे.”

“मे महिन्यात तुझी मूठ कामात जिरत होती,” मी म्हटलं. “काम थांबलं आणि ती डोक्यात गेली. तुझ्या मुठीनं कोणाची तरी नवरी करवंदीत गेली, राही. घोडा डोंगरावरून जाणार होता. सुदाम गेला.”

ती गडग्यावर बसली.  “मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं. घोडा उपाशी आहे असंच वाटलं मला.”

“ठाऊक कसं होईल? मी बाहेर आले की तू आत. वर्षानुवर्षं तुझी पाठ बघतेय मी.”

तिनं मान वर केली. “तुम्हीच म्हणाला होतात.”

“काय म्हणाले होते?”

“चिमणी विकली त्या दिवशी. इथंच उभ्या होतात. म्हणालात, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.” तिनं पदरानं नाक पुसलं. “थोरल्या तुम्ही. म्हणून नाही दाखवलं.”

घोडा मधे उभा होता. एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा वाटीकडे.

“म्हणाले असेन,” मी म्हटलं. “मी पुष्कळ म्हणते. घोडी विकताना विचारायला काय झालं होतं?”

“विचारलं असतं तर तुम्ही विकू दिली नसती. घोडीला आणि मला, दोघींना पोसलं असतंत. आणि रोज ऐकवलं असतंत.”

हे खरं होतं.  अंधारून येत होतं. तिच्या घरात दिवा लागला नव्हता, माझ्याही नाही. 

“बाई,” ती म्हणाली, “मग काय करायचं आता? तुम्ही सांगाल ते.”

“ऐक तर,” मी म्हटलं. “ह्याला आता गवत. ते तूच घालायचं, पण इकडं येऊन, फाटकातून, उजळ माथ्यानं. गडग्यावरून नाही. हरभरा मे महिन्यात, मी सांगेन तेव्हा आणि मी सांगेन तेवढा. भिजवल्याशिवाय तुला राहवत नसेल तर भिजव, पण फोडणीला टाक. त्या वाटीतल्याची आत्ता उसळ कर. मीठ बेतानं घाल, तुझा हात पहिल्यापासून जड आहे. मी हात धुऊन येते जेवायला. आणि ह्यापुढं मी जेवले का नाही ते घोड्याला विचारायचं नाही, राही. मला विचारायचं.”